दादाचं विमान आणि माझ्या वायरी

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दादाला एक रबरी चेंडू दिला आणि तो उजव्या हातात धरून दिवसभर दाबत राहायला सांगितलं. दादाने त्यांच्यासमोर एकदा दाबल्यासारखं केलं आणि बाई गेटबाहेर पडल्या असतील-नसतील तोच चेंडू कपाटाखाली भिरकावला. डाव्या हाताने. उजव्याने भिरकावला असता तर मी रोज एक नवा चेंडू हौसेने आणून दिला असता.

दादा माझा थोरला भाऊ. त्याचं कपडे शिवायचं दुकान. शिवायला माणसं होती, पण कापड कापायचं ते फक्त दादाने. गिऱ्हाइकाकडे एकदा नजर टाकायची, खडूने रेघा ओढायच्या आणि ती मोठी कात्री अशी चालवायची की बघणारा बोलायचं विसरून जाई. अर्धांगाचा झटका आला तेव्हाही कात्री हातातच होती. त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणून दवाखान्यातून तो आणि वहिनी सरळ आमच्या तळमजल्यावर आले आणि आतल्या खोलीत राहिले. पाय बराचसा सुधारला. जीभ जरा जड राहिली, तेवढ्यावरून त्याने बोलणंच टाकलं. हात मात्र जिथे ठेवू तिथे पडून राहायचा.

बाईंनी चपला घालता घालता मला बाजूला घेतलं होतं. "बोटं हलतात थोडी. म्हणजे अजून आशा आहे. पण हे दिवस गेले ना, की मग मी आले काय आणि न आले काय. त्यांना हात वापरायला लावा, कसंही करून."

आता 'कसंही करून' हे शब्द माझ्यासारख्या माणसाला सांगू नयेत. मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांचं काय काय मोडलं ते वाचायचं आणि ते मुळात मोडलेलंच होतं असं त्यांना नम्रपणे कळवायचं, हे माझं काम. त्यामुळे मोडलेली वस्तू पुन्हा उभी करण्याची संधी मला आयुष्यात कधी मिळाली नव्हती. मी पेटून उठलो.

लहानपणी आमच्या कोपऱ्यावर व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथे एक विमानाचा खेळ होता आणि दादा त्यातला वस्ताद होता. एका नाण्यात आख्खी संध्याकाळ खेळायचा. त्याला येताना पाहिलं की मालकाचं तोंड कडू व्हायचं. विमान वळवायचा तो दांडा, ते मनगट, ती चपळाई मला आजही डोळ्यांसमोर दिसते. माझं गणित सरळ होतं. चेंडू दाबणं हा दादाला अपमान वाटतो. विमान चालवणं वाटणार नाही. त्याच्यासमोर तो खेळ ठेवायचा आणि दांडा उजव्या हाताला द्यायचा. बाकीचं विमान बघून घेईल.

"मोबाइलवर असतो की तो गेम," बायको म्हणाली.

"मोबाइलला अंगठा लागतो. आपल्याला मनगट पाहिजे."

"मग आणा बाई मनगटाचा," असं म्हणून ती कामाला लागली. पुढच्या काळात तिने मला जी साथ दिली ती बहुतेक अशाच शब्दांत दिली.

भंगारवाल्याकडे तो खेळ मिळाला, पण मशीन नव्हतं. होता फक्त बोर्ड. हिरव्या रंगाची एक पाटी, तिच्यावर असंख्य काळे किडे बसवलेले आणि एका कडेला सोनेरी दात. खेळ सगळा त्या पाटीत. टीव्ही, वीज, आवाज, दांडा, बटणं हे सगळं आपण बाहेरून वायरींनी जोडायचं.

"चालू आहे ना?" मी विचारलं.

"वायरी जोडल्या की चालूच आहे," तो म्हणाला. मी दावे तपासणारा माणूस, तरी या वाक्यातली मेख मला घरी आल्यावर कळली. बोर्डाबरोबर त्याने वायरींचा एक झुबका दिला. एका टोकाला त्या सोनेरी दातांवर बसणारं लांबट तोंड, दुसऱ्या टोकाला मोकळ्या वायरी. सगळ्या काळ्या. कोणती वर, कोणती खाली, कोणती आवाजाची, काही पत्ता नाही.

इंटरनेटवरून मी नकाशा काढला आणि कोणती वायर कशाची हे शोधून प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी चिकटवली. सकाळी पंख्याने सगळ्या चिठ्ठ्या खोलीभर केल्या होत्या. मी हताश होऊन बसलेलो पाहून वहिनींनी दुकानातून आणलेला रिळांचा डबा उघडला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्या कपड्याच्या आतून रंगीत दोऱ्याचा टाका घालतात. "भाऊजी, तुम्ही नुसतं सांगत जा," म्हणाल्या. मी पुन्हा एकेक वायर शोधून दिली आणि त्यांनी तिला दोरा बांधला. वरसाठी निळा, खालीसाठी मातकट, डावीकडे पिवळा, उजवीकडे लाल. गाठी अशा मारल्या की कात्रीशिवाय सुटू नयेत. आतल्या खोलीत दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसत होता. रिळांचा खडखडाट ऐकून त्याने मान जराशी वळवली आणि पुन्हा होती तशी केली. वहिनींनी ते पाहिलं आणि पुढची गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला.

दांडा बसवायला भक्कम लाकूड हवं होतं. घरात भक्कम लाकूड एकच, माझ्या सासऱ्यांनी लग्नात दिलेलं लिहायचं टेबल. मी त्यावर पेन्सिलने खुणा केल्या. बायको बाजारात जाईपर्यंत थांबलो आणि भोकं पाडली. ती परत आली तेव्हा मी भुसा झाडत होतो. तिने तडक सासऱ्यांना फोन लावला आणि "बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?" एवढंच विचारलं.

शिवाय एक बारीक चूक झाली होती. दांडा उजव्या हाताला हवा म्हणून मी उजवीकडे भोक पाडलं, आणि उजवीकडेच खाली खण होता. दांड्याचा खालचा भाग बरोबर खणाच्या तोंडापुढे उतरला आणि खण कायमचा मिटला. घराचे सगळे महत्त्वाचे कागद आत, आम्ही सगळे बाहेर.

आता वीज. आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी उभा जन्म वीज खात्यात काढला, मात्र तिथल्या पगार विभागात. तरी खिशाला टेस्टर लावल्याशिवाय ते दूध आणायलासुद्धा जात नाहीत. आम्ही त्यांना मागून व्होल्टेजकाका म्हणतो. बोलावलं नसताना ते आले, वायरींच्या ढिगाऱ्याभोवती हात मागे बांधून फिरले आणि म्हणाले, "अर्थिंग कुठाय?"

"नकाशात तसं काही..."

"नकाशा जाऊ दे. अर्थिंग नाही तर काही नाही. ती वायर नळाच्या पाइपाला बांध."

मी बांधली. बटण दाबलं. बोर्डावर काही पेटलं नाही, पण बिल्डिंगमधले सगळे दिवे गेले आणि वरच्या मजल्यावर दाढी करत असलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना नळातून मुंगी चावल्यासारखं झालं. ते अर्धवट दाढीनिशी खाली आले तेव्हा काका खिडकीतून आकाशाकडे पाहत होते. "मी त्याला आधीच सांगत होतो," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी मला सोडलं नाही. 'रहिवासी जागेत विद्युत खेळयंत्र' अशी त्यांनी वर तक्रार केली आणि दोनेक आठवड्यांत एक तपासनीस आले. सभ्य माणूस. चहा घेतला, टेबल पाहिलं, बटणं मोजली.

"यात नाणं टाकायची सोय आहे का?"

"बोर्डाला तशी वायर आहे. तो सिग्नल मिळाल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही."

"म्हणजे नाणं घेऊन करमणूक. म्हणजे सार्वजनिक करमणूक केंद्र."

"अहो, सार्वजनिक कुठलं? आत माझा आजारी भाऊ आहे. त्याच्या हातासाठी आहे हे."

"मग वैद्यकीय उपकरण. त्याचं खातं वेगळं." त्यांनी कप खाली ठेवला. "जागा तुमच्या नावावर आहे ना? कागद दाखवा."

कागद खणात होते. खण का उघडत नाही हे मी त्यांना वाकून दाखवलं. ते शर्टाची कॉलर सांभाळत टेबलाखाली आले, दांडा पाहिला, खण पाहिला आणि बराच वेळ विचार करून म्हणाले, "नाण्याची वायर काढून टाका. मी 'लिहायचं टेबल' असं लिहून देतो." सरकारी माणसाने माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार, आणि तो आम्ही दोघांनी गुडघ्यांवर बसून साजरा केला.

नाण्याच्या वायरीला मी आमच्या दाराच्या बेलचं बटण काढून लावलं. ते दाबलं की बोर्डाला वाटे नाणं पडलं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दार वाजवावं लागलं, आणि सेक्रेटरी तर मुळीच ऐकू गेले नाहीत. तो आनंद मी लपवला नाही.

मग एका संध्याकाळी ते चालू झालं. पडदा आधी नुसता हिरवा, मग उलटा, मग सरळ. विमान आलं. मी बेल दाबली, दांडा डावीकडे ओढला आणि विमान उजवीकडे जाऊन डोंगरावर आपटलं. उजवीकडे ओढला तर डावीकडे. वर म्हटलं की खाली. सगळ्या चौकशीनंतर कळलं ते असं: दांडा मधोमध टेकलेला असतो, त्यामुळे वरून डावीकडे ओढला की त्याचा खालचा भाग उजवीकडे जातो आणि उजवीकडचा स्विच दाबतो. वायरी उलट्या जोडायच्या असतात. जगातल्या सगळ्या पोरांना हे ठाऊक असेल. मी आठवडाभर पाठीवर पडून स्विच बदलत राहिलो, आणि विमान रोज निरनिराळ्या दिशेने मरत राहिलं.

पण त्या स्फोटांच्या आवाजाने एक गोष्ट घडली. मी खाली आडवा असताना मला फरशीवर दोन पाय दिसले. एक पाऊल टाकणारं, एक मागून ओढत येणारं. दादा आपला आपण खोलीबाहेर आला होता. कोणी हात दिला नव्हता. दाराच्या चौकटीला टेकून तो पडद्याकडे पाहत होता. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, आणि बायकोने त्यांचा दंड धरून त्यांना तिथेच थांबवलं. माझं डोकं खणाला आपटलं, पण मी आवाज केला नाही. मला इतका आनंद झाला होता की सासऱ्यांचं आणखी एक टेबल असतं तर मी त्यालाही भोकं पाडली असती.

त्यानंतर तो रोज दारात उभा राहू लागला. मी मुद्दाम वाईट खेळायचो. खरं सांगायचं तर मुद्दाम काही करावं लागत नव्हतं. माझं विमान गोळीसमोर जायचं तेव्हा दादाच्या तोंडातून 'च्यक्' असा आवाज यायचा. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून आलेला पहिला शेरा. व्यायामाच्या बाईंना सांगितलं तर त्या हसल्या. "बसवा की मग त्यांना. पण लवकर."

रविवारी सकाळी आम्ही त्याला बसवलं. चारही वायरी आता बरोबर होत्या, मी दहादा तपासल्या होत्या. व्होल्टेजकाका आपली खुर्ची घेऊन आले होते. वहिनींनी दादाला इस्त्रीचा शर्ट घातला होता. दादाने डाव्या हाताने उजवा हात उचलला, दांड्यावर ठेवला आणि एकेक बोट गुंडाळलं. मी बेल दाबली. विमान आलं, सरळ उभं राहिलं आणि फुटलं. दुसरं आलं, तेही जागचं हललं नाही. फुटलं.

"वायर सैल झाली," मी म्हणालो आणि टेबलाखाली घुसलो. "दादा, डावीकडे घे. घेतलंस?"

"घेताहेत," वहिनी वरून म्हणाल्या.

"आता उजवीकडे?"

"घेताहेत भाऊजी."

बायकोने टॉर्च धरला. मी पिवळा दोरा पाहिला, लाल पाहिला, पेच आवळले, काकांचा टेस्टर मागून घेतला आणि तो प्रत्येक जागी लावला. मग डोळे उघडून दांड्याकडे पाहिलं. तो हलत होता. थरथरत एका बाजूला झुकायचा, स्विचच्या अगदी जवळ यायचा आणि तिथून परत फिरायचा. पुन्हा झुकायचा. वर दादाचा श्वास मोठा झालेला मला ऐकू येत होता. तेवढं अंतर, नखाएवढं, त्याच्याने पार होत नव्हतं.

वहिनी वाकल्या. टेबलाच्या कडेखाली त्यांचा चेहरा आला. अगदी हळू म्हणाल्या, "वायरी बरोबर आहेत ना?"

मी जन्मभर लोकांना त्यांचंच काय चुकलं ते कळवत आलो. आज माझं काहीतरी चुकलेलं निघावं म्हणून मी देवाची करुणा भाकत होतो. "बघतोय," मी म्हणालो.

आणि दांडा पुढच्या वेळी झुकला तेव्हा मी बोटाने तो स्विच दाबला. टिक.

"वळलं!" व्होल्टेजकाका ओरडले. "अरे वळलं की!"

दांडा ज्या बाजूला थरथरेल त्या बाजूचा स्विच मी दाबत गेलो. टिक, टिक. वर गोळ्या सुटत होत्या, कारण बटण डाव्या हाताला होतं. वहिनी "अहो, बघा, बघा" म्हणत होत्या आणि मध्येच रडत होत्या. टॉर्च धरलेल्या बायकोला सगळं दिसत होतं. तिने टॉर्च विझवला आणि तशीच माझ्या शेजारी फरशीवर बसून राहिली.

नंतर रोज संध्याकाळी हेच. 'वायर सैल होते, खाली माणूस लागतो,' असं मी जाहीर करून टाकलं आणि ऑफिसातून आलो की टेबलाखाली जायला लागलो. पाठ धरली, मानेला पट्टा आला. व्होल्टेजकाकांनी बिल्डिंगभर सांगितलं की अर्थिंगचा गुण आला. दादाने रोज दाढी करून घ्यायला सुरुवात केली. मला वाटत होतं की नखाएवढंच तर अंतर आहे, आज ना उद्या तो स्वतःच पार करील आणि माझं बोट रिकामं राहील. मी त्या अंतराकडे टक लावून बसायचो. काही वेळा कमी झाल्यासारखं वाटायचं.

बाई येऊन हात तपासून गेल्या. या वेळी चपला घालताना त्या माझ्याकडे न बघता बोलल्या. "खेळतात ते चांगलंच आहे. मन रमतं. हाताचं मात्र... तुम्ही फार आशा ठेवू नका आता." मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो आणि दांड्याला कुठलं तेल घालावं, असं काहीतरी विचारत राहिलो.

त्या संध्याकाळीही मी खाली गेलो. वर बेल दाबली गेली. विमान सुटल्याचा आवाज आला. मी बोटं स्विचांवर ठेवून वाट पाहिली. दांडा थरथरला नाही. सरळ उभा राहिला. टेबलाच्या कडेपलीकडे मला दादाची मांडी दिसत होती. त्याने डाव्या हाताने उजवा हात दांड्यावरून उचलला, खाली आणला आणि घडी घातलेल्या कपड्यासारखा मांडीवर ठेवला. शर्टाची बाही ओढून मनगटापर्यंत नीट केली.

वर विमान एकटंच गुरगुरत होतं.

"डावी... डावीकडे," दादा म्हणाला.

शब्द जाड होते, जिभेत अडकत होते. पण आवाज त्याचाच होता. मी पिवळ्या दोऱ्याचा स्विच दाबला. टिक.

"हं. आता वर. हळू... हळू घे. घाई न... नको करू."

टिक.

केव्हापासून त्याला ठाऊक होतं, ते मी विचारलं नाही. हात गेला हे आम्हा सगळ्यांच्या आधी त्याला कळलं होतं, आणि तरी माझं मन मोडू नये म्हणून तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून इथे येऊन बसत होता.

"उजवीकडे. अरे उज... उजवीकडे! तिकडे गोळी आहे."

मी दाबलं. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं. पुसायचं म्हटलं तर दोन्ही हात अडकलेले, आणि दादाचं विमान अजून हवेत होतं.